संबंधित विभागाचं गोत्र

“...म्हणजे हा धूर थांबणार कधी म्हणतेस?” अक्कांनी विचारलं.

“शून्यावर येणार, अक्का. निव्वळ शून्य. दोन हजार सत्तरपर्यंत.”

वैजयंतीचा आवाज आनंदानं चिरकला. नदीपलीकडच्या वीज केंद्राच्या चिमण्यांकडे तिनं असा हात केला, की जणू त्या आत्ताच विझल्या. जिल्ह्याचा पहिला हवामान आराखडा तिच्या हातून उतरला होता. तीन वाजता तो साहेबांच्या टेबलावर जायचा होता. त्याआधी मठात यायचं, लहानपणी ज्यांनी स्तोत्रं शिकवली त्या अक्कांचा आशीर्वाद घ्यायचा आणि पळायचं. गाडी दारात सुरूच होती.

अक्कांनी पानं उलटली. एका ओळीवर काट मारलेली होती. बोट तिथे थांबलं.

वैजयंती दचकली. मग तिनं सांगूनच टाकलं. वीज केंद्रातले सर्वांत जुने दोन संच याच वर्षी बंद करावेत, अशी ती ओळ होती. साहेब म्हणाले होते, बाई, आराखडा लिहा, भांडण लिहू नका. म्हणून खोडली. पण बाकी सगळं आहे, आणि उद्दिष्ट बघा ना केवढं मोठं...

अक्कांनी देवापुढचा पाट ओढला.

“बस. एवढं मोठं काम संकल्पाशिवाय करायचं नसतं.”

पळीभर पाणी वैजयंतीच्या उजव्या तळहातावर आलं. तिला सगळं पाठ होतं. ती घडाघडा म्हणू लागली.

“तिथी?” अक्कांनी अडवलं. “सत्तर सालची सांग हो. काम तेव्हाचं ना?”

“...संकल्पात आजचीच सांगतात, अक्का.”

“असं होय.”

पाणी बोटांच्या फटींतून झिरपू लागलं. तिनं बोटं आवळली.

“कर्ता कोण?”

प्रत्येक कलमाखाली जे टंकलं होतं तेच तिच्या तोंडून निघून गेलं. “संबंधित विभाग.”

“बरं. संबंधित विभागाचं गोत्र काय?”

वैजयंती खुदकन हसली. अक्का हसल्या नाहीत.

...

डाव्या हातानं तिनं पर्समधून पेन काढलं आणि पाटाशेजारी पसरलेल्या पानावर, पहिलीतल्या पोरीसारख्या वेड्यावाकड्या अक्षरांत, खोडलेली ओळ पुन्हा लिहिली. दोन संच. याच वर्षी. खाली आजची तारीख घातली.

मग पेन थबकलं.

“अक्का, साहेब विचारतील, हे कुणाच्या नावानं घातलंस? पुन्हा विभागच लिहू का?”

अक्कांनी तिच्या हाताखाली ताम्हण सरकवलं.

“नाव घे, वैजू. पाणी सरत आलंय.”