धुनीचा दोरा आणि ठकूबाईची चंद्री

नदीच्या वळणावर करंजघाट नावाचे गाव होते. गावाबाहेर उंबराखाली आबानाथ महाराज राहत. गवताची झोपडी, समोर सदा पेटलेली धुनी आणि अंगावर एक घोंगडी, एवढाच त्यांचा पसारा. कोणी आपले दुखणेखुपणे घेऊन आला की महाराज सगळे ऐकून घेत, कपाळी धुनीची राख लावत आणि काळा दोरा हातात ठेवत. त्या दोऱ्यावर गावाचा फार जीव.

त्याच गावात ठकूबाई एकटीच राहत असे. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. रोज सकाळी महाराजांच्या अंगणात सडा घालायचा, मगच तोंडात पाणी घ्यायचे, हा तिचा नेम. घरी तिची वाट बघणारे एकच होते. तांबूस पिसांची चंद्री कोंबडी. चंद्री पिल्लू असताना घारीने तिची सगळी भावंडे उचलून नेली होती. तेव्हा घाबरून ठकूबाईने महाराजांनी दिलेला दोरा स्वतःच्या मनगटावरून सोडला आणि त्या एवढ्याशा पायाला वेढे देऊन बांधला. पिल्लू वाचले. पुढे ते अंगाने भरले, दोरा कुठे दिसेनासा झाला, आणि ठकूबाई ती गोष्ट विसरूनही गेली.

यंदा चंद्री पहिल्यांदाच अंड्यांवर बसली होती. आदल्या संध्याकाळी ठकूबाईने अंडे कानाला लावले तर आतून टकटक ऐकू आली. सकाळी सडा घालून ती लगबगीने घरी परतली. बघते तो चंद्री कुडाशी फडफडत होती. पाय काटकीत अडकला होता. ठकूबाईने तो सोडवला, पण चंद्रीला पाऊल टेकवता येईना. पंजा फुगलेला, हाताला गरम लागणारा, एक पंख खाली पडलेला. उचलून अंड्यांवर ठेवले तरी ती कलंडत होती. अंडी उघडी पडू लागली.

ठकूबाईने हळद लावली, चुलीतली ऊबदार राख अंड्यांभोवती पसरली. मग उठली, परत बसली, दारात जाऊन आली. कशात जीव लागेना.

तासाभराने त्र्यंबकराव कारभारी दारावरून चालले होते. गावचा कारभार त्यांच्याकडे आणि महाराजांची पूजाही त्यांच्याचकडे. महाराजांकडून घरी येऊन, अंघोळ करून पुन्हा पूजेला निघालेले असल्याने सोवळ्याची लोकरी धाबळी नेसलेली. अंग चोरून ते लांबूनच म्हणाले, "ठके, काय झालं त्या कोंबडीला?"

"पाय धरलाय, रावसाहेब. अडकला होता."

"अडकला होता म्हणे. पलीकडच्या गावात कोंबड्या पटापट मरतायत, ठाऊक आहे ना? दिवस मावळायच्या आत ही शिवेपलीकडे टाकून ये. गावाची रीत आहे ती."

"अंडी फुटायला आलीत हो. हिला टाकली तर ती गारठतील. मी महाराजांच्या पायी घालते हिला."

त्र्यंबकराव हसले. "महाराज काय कोंबड्यांचे वैदू आहेत? अंगणात सडा घालतेस म्हणून उद्या शेळीची बाळंतपणंही तिथंच आणशील. आज त्यांचा स्वतःचा पाय दुखतोय. सकाळपासून लेप लावतोय मी. आत पाऊल टाकलंस तर याद राख."

एवढे बोलून ते निघून गेले. महाराजांचा पाय दुखतोय? सडा घालताना तर महाराज धुनीपाशी खुशाल बसले होते. आपली सेवा चुकली की काय? जावे की न जावे? ऊन चढत होते. शेवटी तिने चंद्रीला सरपण वाहायच्या पाटीत घातले, अंडी पदरात घेऊन ओटीपोटाशी घट्ट धरली आणि वाटेला लागली. अंगाच्या उबेने तरी ती तगतील! चार पावले टाकावीत, पदर चाचपावा, पुन्हा चालावे. एखादे अंडे आतून हलले की ती जागीच थांबायची.

उंबराखाली महाराज पाय पसरून बसले होते. डाव्या पायाला लेप थापलेला. त्र्यंबकराव पूजेची भांडी मांडून कातरीने वाती कापत होते. ठकूबाईला पाहताच ते ताडकन उठले.

"सांगितलं होतं ना तुला? मी सोवळ्यात आहे. मागे हो!"

ठकूबाई जागीच थबकली. महाराज म्हणाले, "येऊ दे तिला. माझ्याच पायाचं औषध आणलंय तिनं."

"कोंबडी?" त्र्यंबकराव म्हणाले.

महाराजांनी लेप पुसला आणि पाय पुढे केला. घोट्याच्या वर काळीनिळी रेघ कड्यासारखी उमटली होती. कोणी दोरी करकचून आवळावी तशी. पण दोरी कुठेच नव्हती.

"माय," महाराज म्हणाले, "माझ्या पायात काहीतरी रुतलंय. काढतेस का?"

ठकूबाईचे डोळे भरून आले. "महाराज, तुमच्या पायात तर काईच दिसंना."

"मग जिथं दिसेल तिथं बघ."

ती रेघ पुन्हा पाहताच ठकूबाईची नजर चंद्रीच्या पायाकडे गेली. तिने चंद्रीला मांडीवर घेतले, धुनीवरचे कोमट पाणी घेऊन तिचा डावा पाय धुतला. चिखल निघाला, खवले मऊ पडले. बोटाने चाचपता चाचपता सुजेच्या खाली काहीतरी लागले. दोरा होता! पाय वाढत गेला आणि दोरा मात्र तेवढाच राहिला. सकाळी काटकीत अडकून तो ओढला गेला होता आणि मांसात उतरला होता.

"अगं बाई, हा मीच बांधला होता," ती पुटपुटली. "तुमचाच दोरा, महाराज."

"हातातली वातींची कातर दे तिला," महाराज त्र्यंबकरावांना म्हणाले.

त्र्यंबकरावांनी कातर मागे घेतली. "पूजेची कातर कोंबडीला? आणि तोही तुमचा दोरा कापायला? धुनीचा दोरा कोणी कापतं का? महापाप लागेल हिला!"

ठकूबाईनेही पुढे केलेला हात मागे घेतला. याच दोऱ्याने चंद्रीला घारीपासून राखले होते. तो तोडला आणि काही विपरीत झाले तर? पदरातले अंडे टकटकत होते आणि आता तीही टकटक मंद होत चालली होती.

महाराज तिच्याकडे पाहत म्हणाले, "घारीपासून राखलं ते दोऱ्यानं नव्हे, माय. राखणारा निराळा आहे. दोरा सैल होता तोवर त्या राखणाऱ्याची आठवण होती. रुतला, की दोऱ्याची काय गरज? काप. मला फार दुखतंय."

त्र्यंबकरावांच्या हातातून ठकूबाईने कातर घेतली. घेतली म्हणजे ओढूनच घेतली. डोळ्यांतले पाणी खांद्याला पुसले, टोक हलकेच दोऱ्याखाली सारले आणि दाबले.

दोरा तुटला. चंद्री एकदा ओरडली आणि गप्प झाली. त्याच क्षणी महाराजांनी मोठा श्वास सोडला. त्र्यंबकराव बघतच राहिले. ज्या रेघेवर त्यांनी सकाळपासून लेपावर लेप चढवले होते, ती त्यांच्या डोळ्यांदेखत फिकी होत गेली आणि शाळेच्या पाटीवरची अक्षरे पुसावीत तशी नाहीशी झाली. महाराज उठले, सरळ चालत गेले आणि चंद्रीच्या जखमेला धुनीची राख लावून आले. चंद्रीने पंजा उघडला, मिटला आणि जमिनीवर टेकवला. केवढी ही माया! मुक्या जिवाच्या पायाला बसलेला काच आपल्या पायावर घेतला.

"यापुढे दोरा बांधाल," महाराज म्हणाले, "तर खाली बोट जाईल एवढा सैल बांधा. आणि बांधलेलं विसरू नका."

ठकूबाईचे मात्र लक्ष पदराकडे होते. "महाराज, अंडी गार पडली हो. पाटीत नुसत्या काटक्याच आहेत."

कोणी काही बोलायच्या आत त्र्यंबकराव झोपडीआड गेले. आले ते साधा पंचा नेसून. हातात सोवळ्याची लोकरी धाबळी होती, जिच्यावर ते कोणाची सावलीही पडू द्यायचे नाहीत ती. त्यांनी ती घडी करून पाटीत अंथरली. ठकूबाईने अंडी मांडली, चंद्रीला वर बसवले. चंद्रीने पंख पसरून सगळी अंडी आत ओढून घेतली.

त्र्यंबकराव महाराजांच्या पायांवर वाकायला गेले. महाराजांनी पाय मागे घेतला आणि पाटीकडे बोट दाखवले. "माझा पाय आज तिथं आहे."

त्र्यंबकराव वळले. ठकूबाई लाजून मागे सरकू लागली, तेव्हा ते म्हणाले, "थांब, ठकूबाई." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिला पूर्ण नावाने हाक मारली होती. मग त्यांनी गुडघे टेकले आणि कपाळ पाटीच्या काठाला लावले. कपाळ उचलायच्या आत धाबळीच्या घडीतून एक बारीक चिवचिव ऐकू आली.

त्र्यंबकराव तसेच वाकून ऐकत राहिले.