टिकलीची घंटा आणि साच्यातलं हूऽऽ

गप्प बसा. रानात पान हलत नाहीये, आपणही हलायचं नाही.

एक होती टिकली. शेळीचं एवढंसं पिल्लू. तिच्या गळ्यातली घंटा तुटली. विहिरीत पडली. डुबुक.

गवत उंच. टिकली बुटकी. घंटा वाजेना, म्हणून आईला टिकली सापडेना. टिकलीनं 'बें' केलं. ते गवतातच विरलं. टिकलीला फार भीती वाटली.

टुपटुप, टुपटुप. टिकली गेली शिदूमामाकडे. शिदूमामा ओतारी. पितळ वितळवून घंटा ओतायचा.

"मामा मामा, घंटा ओत. आई मला सापडेना."

"ओतीन गं पोरी. पण साचा पितळेचा रस घेईना. प्रत्येक घंटा भोकाची निघते. साच्यानं रस घेतला, तर ओतीन."

कोपऱ्यात मातीचा साचा होता. आतून आवाज आला. हूऽऽ. हूऽऽ.

"साच्या साच्या, रस घे.
मामा घंटा ओतेना,
आई मला सापडेना."

"माझ्या पोटात कुणीतरी कोंडलंय. काट्यानं टोचलं, तर घेईन."

टुपटुप, टुपटुप. टिकली गेली बाभळीकडे.

"बाभळी बाभळी, काटा दे.
साचा रस घेईना,
मामा घंटा ओतेना,
आई मला सापडेना."

"वाऱ्यानं हलवलं, तर देईन."

लांबून, मामाच्या घराकडून, आवाज आला. हूऽऽ. टिकलीनं वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

टुपटुप, टुपटुप. टिकली गेली टेकडीवर. तिथं वारामाय बसली होती. दिसत नव्हती. नुसता गार श्वास लागत होता.

"वारामाय वारामाय, बाभूळ हलव.
बाभूळ काटा देईना,
साचा रस घेईना,
मामा घंटा ओतेना,
आई मला सापडेना."

"कशी हलवू? माझं बाळ हरवलंय. मी हलले, तर त्याचं रडणं ऐकू येणार नाही. ते सापडलं, तर हलवीन."

टिकलीला रडूच आलं. मग तिनं हळूच विचारलं, "तुझं बाळ कसं रडतं?"

"हूऽऽ," वारामाय म्हणाली. "हूऽऽ."

टिकलीचे कान उभे राहिले. "माय, ते साच्यात कोंडलंय."

वारामाय उठली. सूंऽऽ.

वारामायनं बाभूळ हलवली. बाभळीनं काटा दिला. टिकलीनं तो मामाकडे नेला. शिदूमामानं कपाळावर हात मारला.

"हवेला वाट ठेवायचीच राहिली की."

काट्यानं साचा टोचला. टुच टुच टुच. साच्यानं रस घेतला. चुर्रर्र. भोकाभोकातून बाळ वर आलं. फुस्स. वारामायनं त्याला उचललं, फुंकर घालून गार केलं.

मामानं घंटा काढली. अख्खी. एकही भोक नाही. टिकलीच्या गळ्यात बांधली. टिंग टिंग.

गवत हललं. दोन शिंगं वर आली. टिकली मागं सरली.

आईच होती ती.

"कुठं होतीस गं?" आईनं विचारलं.

टिकली आधीच लुचत होती. तिच्या तोंडात दूध होतं.