हद्दीचे चार दगड

बाळांनो, जंगल विरळ होत होत जिथे माळाला येऊन मिळते, तिथे एक टिटवी राहत असे. झाडावर घरटे बांधणे तिच्या जातीला ठाऊकच नाही. उघड्या माळावर खडे सारून एक खळगा करायचा, त्यात खड्यांसारखीच ठिपकेदार अंडी घालायची आणि ती अंडी आहेत हे कुणाला चुकूनसुद्धा सांगायचे नाही, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या वर्षी टिटवीने चार अंडी घातली होती. मागच्या वर्षीची सगळी मुंगसाने फस्त केली होती, म्हणून या चारांवर तिचा जीव टांगलेला होता.

त्याच दिवसांत माळावरून नीलगायी आणि रानडुकरे यांचे भांडण पेटले. "तुम्ही आमचे गवत मुळासकट उकरता!" नीलगायी म्हणत. "आणि तुम्ही आमच्या कंदांवर नाचता, त्याचे काय?" रानडुकरे म्हणत. शेवटी मधोमध हद्द आखायचे ठरले. आखायला बोलावले कुणाला, तर एका वानराला! ज्याला झाडावरून खाली उतरायचाच कंटाळा, तो जमीन वाटायला निघाला. त्याने शेंड्यावर बसून एक डोळा मिटला, समोरच्या टेकडीकडे बोट केले आणि रेघ ठरवून टाकली. शेंड्यावरून पाहिले की माळ मोकळाच दिसतो.

मग त्या रेघेवर दगड मांडत मांडत वानराची स्वारी टिटवीच्या खळग्यापाशी आली. "वा! इथे चार दगड आयतेच पडलेत की! तेही बरोबर रेघेवर," तो म्हणाला. "काय हो टिटवीबाई, दगडच ना हे?"

टिटवी विचारात पडली. खरे सांगावे, तर साऱ्या माळाला अंड्यांचा पत्ता लागणार. आणि दगड म्हणावे, तर? तिच्या मनात आले, हद्दीच्या दगडाला हात लावायची कुणाची छाती आहे? दोन्ही बाजूंचे पहारेकरी फुकटात आपल्या अंड्यांवर! "दगडच हो वानरदादा," ती म्हणाली, "दगड नाहीत तर काय!"

आणि खरेच, काही दिवस तिची चैन झाली. मुंगूस आले, ते रानडुकराने घुरघुरत पार ओढ्यापलीकडे पिटाळले. ती अंड्यांवर बसली की पहाऱ्यावरची नीलगाय कौतुकाने म्हणे, "एवढीशी टिटवी, पण हद्द कशी राखते बघा!" टिटवी मनातल्या मनात हसे.

पण अंडी ती अंडीच. एका सकाळी तीन अंडी तडकली. टिटवीची पिल्ले म्हणजे अंग वाळते न वाळते तोच पळायला लागतात. ती तिन्ही तुरुतुरु निघाली, तीही नेमकी रानडुकरांच्या बाजूला. पहाऱ्यावरच्या रानडुकराने आ वासला. हद्दीचे दगड चालत होते! "धावा, धावा!" तो किंचाळला. "हद्द पळाली! नीलगायींनी दगड आत सरकवले!" इकडून रानडुकरे धावली, तिकडून नीलगायी.

टिटवी भेदरली आणि सवयीने ओरडली, "टिटीव! टिटीव!" आईची ही हाक कानावर पडली की असू तिथे भुईला चिकटायचे आणि दगड होऊन राहायचे, हे तिची पिल्ले जन्मतःच जाणतात. तिन्ही पिल्ले तिथल्या तिथे निपचित झाली.

"ते बघा दगड! आता हद्द तिथेच!" नीलगायींचा म्होरक्या गरजला.

"आमच्या अंगणात? मागे रेटा रे यांना!" रानडुकरांचा म्होरक्या ओरडला. आणि दोन्ही कळप त्याच जागी एकमेकांना भिडले.

"अहो थांबा! दगड नाहीत ते, माझी लेकरे आहेत!" टिटवी त्यांच्या डोक्यांवर घिरट्या घालत आक्रोश करू लागली. झाडावरून वानर म्हणाला, "आता लेकरे? त्या दिवशी तूच तर दगड म्हणालीस!" टिटवी घिरट्या घालतच राहिली. पुन्हा ओरडावे, तर पिल्ले आणखीच भुईला चिकटणार. खाली तिला नुसते खूर दिसत होते.

धूळ बसली. दोन पिल्ले थरथरत आईच्या पंखाखाली आली. तिसरे आले नाही. ते एका खुराच्या ठशात होते, मातीसारखेच सपाट. खूर तर दोघांचेही दुभंगलेले, त्यामुळे कुणाचा पडला ते सांगता येईना.

"आमचा नव्हे," नीलगायींचा म्होरक्या म्हणाला.

"आमचाही नव्हे," रानडुकरांचा म्होरक्या म्हणाला.

एवढ्यात वानर खाली उतरला आणि खळग्यात डोकावला. "फार झाले नाही काही," तो हात झटकत म्हणाला. "चौथा दगड जागेवरच आहे. यावरून पुन्हा रेघ ओढू."

खात्री करायला रानडुकरांच्या म्होरक्याने त्या दगडाला नाक लावले. आतून टक् टक् आवाज आला. मग अगदी बारीक, "चिव." तो धिप्पाड प्राणी चटका बसल्यासारखा मागे सरला. "हा... हा जिवंत आहे," तो पुटपुटला. "म्हणजे तेसुद्धा..." टिटवी आली आणि त्या अंड्यावर बसली.

दोन्ही म्होरक्यांनी माना खाली घातल्या आणि आपापले खूर पाहिले. मग त्यांची नजर टेकडीपर्यंत गेलेल्या दगडांच्या रांगेवरून फिरली. त्यातला खरा दगड कोणता, हे आता कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना. दोन्ही कळप परत फिरले, ते एकेक पाऊल पाहून टाकत. वानर कधी झाडावर चढला ते कुणी पाहिले नाही, आणि पुन्हा त्याला कुणी विचारलेही नाही.

तात्पर्य : जमिनीवर रेघ ओढण्याआधी तिथे कुणाचे घर आहे ते खाली उतरून पाहावे, आणि कितीही पहारा मिळत असला, तरी आपले लेकरू कुणाच्या हद्दीचा दगड होऊ देऊ नये.