हौदाजवळची पेटी

“त्या मल्लूत असं काय आहे उस्ताद, जे माझ्यात नाही?”

सर्जेरावनं अखेर विचारलंच. सकाळपासून पोटात दुखत होतं त्याच्या. उरूस दोन दिवसांवर आला होता, आणि दस्तगीर उस्तादांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, माझे हात आता थरथरतात, दर्ग्याच्या दिव्यांची किल्ली यंदापासून मल्लूकडे. बारा वर्षं उस्तादांची शिडी धरली सर्जेरावनं, आणि किल्ली कुणाला? तर परवा-परवा आलेल्या मल्लूला!

उस्ताद ओट्यावर बसून होते. भर दुपारी अंगणात दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. सगळं नीट चालतंय का, ते बघणं सुरू होतं.

“तीन दिवस घुशीसारखा उकरत होता नुसता,” सर्जेराव म्हणाला. “अर्थिंगच्या खड्ड्यासाठी! खडक लागला म्हणून वीस पावलं लांब गेला. तिथं छातीएवढं खणलं. कोळसा काय, मीठ काय, घागरी-घागरी पाणी काय... लग्न लावायचं होतं का त्या खड्ड्याचं?”

उस्ताद हसले.

“हसू नका उस्ताद, जीव जळतोय माझा. ही बघा त्याची पेटी!” सर्जेरावनं मागच्या लोखंडी पेटीवर थाड्‌दिशी थाप मारली आणि तिलाच पाठ लावून ओल्या फरशीवर फतकल मारली. “धड रंगसुद्धा देता आला नाही. आणि माझी? ती हौदाजवळची? आत एक वायर वाकडी दाखवा, मिशी उतरवीन.”

“खरंय. तुझ्यासारखी वायर ओढणारा पंचक्रोशीत नाही.”

ते ऐकून तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

“मग किल्ली त्याला का?”

...

उस्ताद बराच वेळ दाढी खाजवत राहिले. सर्जेराव तसाच बसला होता, पाठ टेकून, मल्लूला मनातल्या मनात शिव्या घालत.

“हिच्यासारखा तुझ्या पेटीतही करंट चालू आहे?” उस्तादांनी विचारलं.

“सकाळपासून.”

उस्तादांनी कमरेची किल्ली सोडून ओट्यावर ठेवली. “मग जा. तिला एकदा हात लावून ये, आणि ही घेऊन जा.”

“एवढंच?”

“एवढंच.”

सर्जेराव ताडकन उठला. त्याला हसूच फुटलं. आता बघू म्हणावं मल्लूचं तोंड!

हौदाभोवती पाणीच पाणी होतं. लोक तिथंच पाय धुतात, आणि दर्ग्याच्या अंगणात सगळे अनवाणीच. चालता चालता त्याची पावलं मंदावली.

खडक त्यालाही लागला होता. गुडघाभर खोलीवरच. लांब जाऊन पुन्हा कोण खणत बसणार? त्यानं अर्थिंगची सळई करवतीनं कापली, उरलेला तुकडा मातीत खोचला, वरचं टोक छान रंगवलं. पेटीच्या लोखंडात कधी करंट उतरलाच, तर त्याला जमिनीत जायला धड वाट नव्हती. हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो वळला. फाटकाशी गेला, आपली रबरी चप्पल पायांत सरकवली आणि पुन्हा हौदाकडे निघाला. बारा वर्षांत त्या अंगणात त्याच्या पायांत पहिल्यांदाच चप्पल होती.

“थांब.”

उस्ताद उठले. थरथरत्या हातानं किल्ली फिरवून त्यांनी ओट्यावरचा मेन स्विच बंद केला. सगळ्या माळा विझल्या.

मग ते हळूहळू हौदापाशी आले आणि सर्जेरावच्या पायांकडे बघत उभे राहिले.

“सवय आहे उस्ताद...” सर्जेराव पुटपुटला. “करंटचं काम म्हटलं की...”

“मल्लूच्या पेटीला इतका वेळ पाठ लावून बसलास,” उस्ताद म्हणाले, “तेव्हा कुठं होती रे चप्पल?”