बांध वाढला!

कोणे एके काळी एका डोंगराच्या पोटात तांबं होतं, आणि तांबं होतं म्हणूनच त्याच्या कुशीत एक गाव होतं. गावातली माणसं डोंगर खणायची, दगड कुटून त्याचं पीठ करायची आणि ते पीठ पाण्यात धुऊन तांबं वेगळं काढायची. तांबं निघायचं मूठभर आणि उरायचा टोपलीभर करडा रेंदा. तो ओढ्यात सोडावा, तर खालच्या वाडीचं पाणी नासायचं. म्हणून जुन्या लोकांनी घळीच्या तोंडाशी मातीचा मोठा बांध घातला आणि त्याच्यामागे रेंदा साठवायला सुरुवात केली. रेंदा जसा भरेल तसा दरवर्षी बांधावर मातीचा नवा थर चढायचा.

हा बांध राखायला एक बांधकरी होता. सगळे त्याला नाईक म्हणायचे. माणूस कामाचा पक्का. मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपणारच, ते नितळ असेल तोवर भ्यायचं नाही; पण गढूळ झालं की समजावं, बांधाची माती आतून वाहून चालली आहे, हे त्याला बापानं शिकवलं होतं. मागचं पाणी बांधाला टेकू द्यायचं नाही आणि खालचा रेंदा वाळल्याशिवाय वर थर घालायचा नाही, हेही शिकवलं होतं. शिवाय बांधाच्या खाली, ओढ्याकाठच्या वाडीत त्यानं आपली एकुलती एक लेक सगुणा दिली होती. तेव्हा बांधाला तो का जपायचा, हे वेगळं सांगायला नको.

पण बापानं त्याला आणखी एक गोष्ट शिकवली होती. "बांधावर अभद्र बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते."

तशी ही रीत आपल्या घरोघरी आहेच. नारळ फोडतात, पण म्हणताना 'वाढवला' म्हणतात. बांगडी फुटली तर 'वाढली', डब्यातलं मीठ संपलं तर 'वाढलं', आणि दुकान बंद केलं तरी 'वाढवलं'. घरात हे गोड वाटतं. नाइकानं मात्र ते उचलून बांधावर नेलं. पाणी झिरपलं तर म्हणायचं, बांधाला घाम आला. भेग पडली तर बांध हसला. उताराला फुगवटा आला तर बांधानं बाळसं धरलं. आणि फुटणं हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. वेळ आलीच तर त्यालाही वाढणंच म्हणायचं.

एकदा एका नव्या गड्यानं सहज विचारलं, "नाईक, हा बांध फुटला तर हो?"

नाइकानं त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. "शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली!" असं म्हणून बाकीचे पोट धरून हसले. मांडव खरोखरच पेटला असेल तर बिचाऱ्या नाऱ्यानं काय बोलायचं, हे मात्र कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका वर्षी मुलखात तांब्याला फार मागणी आली. कुटायचे हातोडे थांबेनात आणि रेंदा भराभर चढू लागला. नाईक गावकीला म्हणाला, "खालचा थर अजून ओला आहे, जरा दमानं घ्या." गावकी म्हणाली, "इतकी वर्षं काही झालं का?" याला सरळ उत्तर द्यायचं, तर काय होईल ते तोंडानं म्हणावं लागलं असतं. नाईक गप्प बसला आणि ओल्या रेंद्यावर नवा थर चढला.

बांधाच्या पायथ्याशी भिकाई नावाची बाई झिरपणारं पाणी पाहायला रोज फेरी मारायची. थंडीच्या दिवसांत एकदा ती येऊन म्हणाली, "नाईक, बांधाला घाम आलाय."

"येऊ दे की. एवढं ओझं पेलतोय बिचारा!"

काही दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी बराच वेळ पदराशी चाळा करत उभी राहिली. पाणी गढूळ झालं आहे, असं तिला सांगायचं होतं; पण गढूळ या शब्दाला चांगलं नाव कुणी देऊन ठेवलेलं नव्हतं. शेवटी तिनं आपल्यापुरतं एक शोधलं. "नाईक, घामाला जरा दुधाचा रंग आलाय."

"दूध म्हणजे शुभच!" नाईक म्हणाला. म्हणाला खरा, पण त्याच्या मनात कुठेतरी पाल चुकचुकली. त्यानं ती हाकलून लावली. स्वतःच्या मनाशीसुद्धा अभद्र बोलायचं नाही, इथवर त्याची सवय गेली होती.

पुढच्याच आठवड्यात सगुणाच्या बाळाचं बारसं होतं. नाईक नवा फेटा बांधून, नातवासाठी शिवलेली कुंची घेऊन निघाला, तोच भिकाई धापा टाकत दारात आली.

"नाईक, बांध हसला! चांगला मोठ्यानं हसला. आणि खालच्या अंगाला बाळसंही धरलंय."

शब्द सगळे लाडाचे होते, पण बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. नाइकानं या वेळी चेहरा ऐकला. तो तसाच बांधाकडे धावला. पाहतो तर भेगेत कोपरापर्यंत हात जात होता. पायथ्याशी करडं पाणी उकळल्यागत वर येत होतं आणि येताना माती घेऊन येत होतं. बापानं शिकवलेलं सगळं त्याला एका क्षणात आठवलं, आणि आता माती टाकून काही उपयोग नाही हेही कळलं.

"हातोडे थांबव! सगळ्यांना बांधावरून लांब ने!" त्यानं भिकाईला सांगितलं आणि तो वाडीकडे पळत सुटला.

वाडीचं पहिलं घर कुंभाराचं. म्हातारा तापानं फणफणून आत पडला होता आणि कुंभारीण बारशाला जायला केस विंचरत दारात बसली होती. नाईक पळता पळता ओरडला, "बांध वाढतोय! बांध वाढतोय!"

"वाढू दे, नाईक! नातवाचा पायगुण म्हणायचा!" कुंभारीण हसून म्हणाली.

सांगितलं म्हणजे सांगितलं, असं समजून नाईक पुढे पळाला.

सगुणाच्या अंगणात पाळणा सजला होता. बायका गात होत्या. नाईक मांडवात शिरला आणि सगळा जीव एकवटून ओरडला, "बांध वाढतोय!"

मांडवात आनंदीआनंद झाला. "व्वा! दुधात साखरच की!" व्याही उठून म्हणाले आणि त्यांनी नाइकाच्या तोंडात पेढा कोंबला.

"अहो, वाढतोय म्हणजे... तसा नव्हे... वाढतोय हो!"

"तुमच्या तोंडात साखर पडो!" एक म्हातारी म्हणाली आणि सगळे पुन्हा हसले.

नाइकाला रडू कोसळायच्या बेतात होतं. खरा शब्द त्याच्या जिभेवर येऊन उभा होता, पण जीभ उचलेना. आपण तो उच्चारायचा आणि वास्तूनं तथास्तु म्हणायचं, मग या पाळण्यातल्या जिवाला आपल्याच तोंडानं बुडवल्यासारखं होईल, ही जन्मभराची भीती त्याला सोडत नव्हती. त्यानं पाळण्याकडे पाहिलं. बाळ मुठी चोखत होतं.

नाइकानं तोंडातला पेढा थुंकला.

"बांध फुटतोय! ऐका, फुटतोय! पोरंबाळं घ्या आणि टेकडीवर पळा!"

गाणं थांबलं. आता समजावून सांगायची गरजच उरली नाही. सगुणानं आधी बाळ उचललं, मग कुणी म्हाताऱ्यांना धरलं, कुणी गुरांची दावी सोडली, आणि अख्खी वाडी टेकडीच्या चढाला लागली. नाईक मात्र उलट पळाला, कुंभाराच्या घराकडे, फुटतोय फुटतोय असं ओरडत. तो अर्ध्या वाटेवर होता तेव्हा बांध गेला. करडा रेंदा दाट, जड, घरघर करत घळीतून उतरला आणि त्याच्या डोळ्यांदेखत कुंभाराचं घर छपरासकट आत गेलं. तो कसाबसा चढावरच्या झाडाझुडपांना धरत टेकडीवर चढला.

वाडी वाचली म्हणजे माणसं वाचली; घरं, शेतं, विहिरी काही उरलं नाही. माणसांत एक नव्हता तो कुंभार. कुंभारीण बारशाला यायला डोंगरकडेच्या वाटेनं निघाली होती, म्हणून ती वाचली. ती नाइकासमोर येऊन बसली.

"नाईक, माझ्या दारात तुम्ही काय म्हणालात?"

"वाढतोय म्हणालो."

"हां. मीही तेच ऐकलं. म्हाताऱ्याला म्हटलं, नीज तू, चांगली बातमी आहे. पांघरूण नीट केलं आणि निघाले. खरं कळलं असतं तर पाठीवर घेऊन पळाले असते हो. एवढं बळ आहे अजून माझ्या अंगात."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर नाइकाला बरं वाटलं असतं. तो फेट्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडला.

पुढे वाडी टेकडीवर वसली. नवा बांध दुसऱ्या घळीत, बुटका आणि रुंद घातला, आणि लोकांनी तो पुन्हा नाइकाच्याच हाती दिला. आता त्यानं एकच नवी रीत घातली: पाहिलं ते पाहिलं तसं सांगायचं. ज्याला त्यानं घरी पाठवलं होतं त्या गड्याला त्यानं स्वतः जाऊन बोलावून आणलं.

एक दिवस पायथ्याची फेरी करून एक नवी बाई चाचरत आली. "नाईक, बांधाला जरा... घाम..."

"घाम माणसाला येतो, बाई. बांधाचं काय झालंय ते सांग."

"खाली पाणी येतंय. गढूळ आहे."

नाइकानं आधी हातोडे थांबवले, मग घळीखालच्या शेतांत राबणाऱ्या सगळ्यांना टेकडीवर चढवलं, आणि मगच तो पाहायला उतरला. पाणी खरंच गढूळ होतं. पण जरा वर एक म्हैस त्याच पाण्यात आरामात लोळत पडली होती. तिला हाकलल्यावर पाणी हळूहळू नितळ झालं.

टेकडीवर ही बातमी पोचली तेव्हा लोक वैतागले. भर उन्हात, हातातलं काम टाकून चढले होते सगळे. ती बाई शरमेनं मान वर करेना. नाईक तिला म्हणाला, "उद्या पुन्हा गढूळ दिसलं, तर उद्याही असंच सांग."

तेवढ्यात कुंभारीण गुडघ्यावर हात टेकून उठली. "म्हैसच निघाली ना?" ती म्हणाली. "चला मग, कामाला लागू या." आणि सगळ्यांच्या पुढे होऊन ती टेकडी उतरू लागली.

तात्पर्य: वाईट बातमी गोड शब्दांत गुंडाळली की गोडवा तेवढा पोचतो, बातमी वाटेतच राहते.