एकही लाल ठिपका नाही

"नव्या सुनेला फुटबॉलातलं काय कळतंय? बोला तुम्ही," मामंजी हळूच म्हणाले. मी चहा घेऊन दाराशीच होते.

मामंजी म्हणजे कोल्हापुरातल्या आमच्या तालमीच्या संघाचे प्रमुख, आणि पाहुणे पुण्याचे डेटातज्ज्ञ. लॅपटॉप दाखवत ते म्हणाले, "उजव्या बचावपटूनं मोसमात सर्वांत कमी चेंडू अडवलेत. फायनलला त्याला बाहेर बसवा."

तो बचावपटू म्हणजे आमचे हे. मान खाली घालून बसले होते.

पडद्यावरच्या मैदानाच्या नकाशातले लाल ठिपके म्हणजे विरोधकांचे हल्ले, असं पाहुण्यांनीच सांगितलं. माझा गोंधळ वाढला. सगळे ठिपके डावीकडं होते, ह्यांच्या बाजूला एकही नव्हता.

कप ठेवता ठेवता मी विचारलं, "मामंजी, ज्या दारात चोर पाय ठेवायला भितो, तिथल्या कुत्र्यानं एकही चोर धरला नाही म्हणून त्याला हाकलायचं का?"