राजमातेची शाल

फार पूर्वी वेत्रावती नगरीत राजा सुषेण राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्माला आला होता. मोठा झाल्यावर नगरातली रुग्णशाळा त्याच्याकडे आली. सुषेणाने त्याला राजवैद्य करायचे ठरवले होते आणि येत्या पौर्णिमेला तो मान त्याला मिळायचा होता.

राजाची आई भद्रवती मायाळू बाई होती. रोज सकाळी ती रुग्णशाळेत येई, अंगावरची लोकरीची शाल काढी आणि एकेका रोग्याला थोडा वेळ पांघरी. राजघराण्याच्या उबेने रोगी बरा होतो, अशी त्या नगराची समजूत होती. रोगी दाराकडे डोळे लावून बसत. शाल कधी धुवायची नाही, धुतली तर साठलेले पुण्य वाहून जाते, असेही सगळे मानत. पुण्य साठते तिथे आणखी काही साठू शकेल, हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते.

बोधिसत्त्वाच्या मात्र ध्यानात आले. पाय मोडून आलेल्या एका कुंभाराच्या अंगावर पुरळ उठले, मग त्याच्या शेजारच्याच्या, मग त्याच्या पलीकडच्याच्या. ज्या क्रमाने शाल फिरे, त्याच क्रमाने पुरळ फिरे. कुंभाराचा पाय बरा होत आला होता. तो पुरळाने वारला.

तशात सुषेणाचा लहान मुलगा आजारी पडला. ताप साधाच होता. भद्रवती शाल घेऊन रुग्णशाळेतून तडक नातवाकडे आली. बाळाला तपासायला आलेला बोधिसत्त्व दारात आडवा आला.

"राजमाते, ही शाल बाळाला पांघरू नका."

"का? माझ्या शालीला काय झालंय?"

"एकाच्या अंगावरचा रोग हिच्यातून दुसऱ्याच्या अंगावर जातो आहे."

सुषेण संतापला. "वैद्यराज, पौर्णिमा जवळ आलीय, जपून बोला. माझ्या आईच्या मायेनं लोक आजारी पडतात म्हणता?"

चूक झाली, एवढे म्हटले असते तर मान पदरात पडला असता. बोधिसत्त्व म्हणाला, "माया चांगलीच आहे, महाराज. शाल धुतलेली नाही."

भद्रवती खाली बसली. "म्हणजे तो कुंभार माझ्यामुळे गेला?"

बोधिसत्त्वाला तिची फार दया आली. तरी तो खोटे बोलला नाही. "हो, राजमाते. पण तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं."

म्हातारी बराच वेळ रडली. मग तिने चुलीवर पाणी ठेवायला लावले आणि उकळत्या पाण्यात शाल स्वतःच्या हाताने सोडली. लोकर आक्रसून शाल हातभर उरली. राजपुत्राचा ताप यथावकाश उतरला. राजवैद्याचा मान दुसऱ्यालाच मिळाला.

दुसऱ्या दिवशी भद्रवती रुग्णशाळेत रिकाम्या हाताने गेली. एका रोग्याजवळून उठून दुसऱ्याकडे जाताना ती राखेने हात धुई. रोगी कुरकुरले, "आता आमची किळस येते वाटतं." ते तिने ऐकून घेतले आणि हात धूतच राहिली. हळूहळू नवे पुरळ उठायचे थांबले.

समोरच्या भिक्षूंना एवढे सांगून त्यांचा गुरू, शास्ता, म्हणाला, "त्या जन्मीची भद्रवती म्हणजे ही उपासिका अनोमा, जी आजारी भिक्षूंना एकाच वाडग्यातून मायेने पेज पाजते. सुषेण म्हणजे तिची बाजू घेऊन भांडणारा तिचा मुलगा. तो वैद्य मीच होतो. करुणेला प्रज्ञेची जोड लागते, ती ही प्रज्ञा."

अनोमा वाडगा उचलून धुवायला गेली.